जिभेला वळण

"मामी, नानी 'क़ुल' म्हणतच नाही गं, सरळ 'कुल' म्हणते. अर्थच बदलतो त्याचा!"

नणंदेची लेक दोन वर्षं बाहेरगावी राहून कुरआन-पठण शिकून आली होती. रमजानचे दिवस होते आणि मी इफ्तारीची भजी तळत होते. "अगं, हळू बोल," असं म्हणेपर्यंत उशीर झाला. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या नमाजनंतरची त्यांची तिलावत बंद झाली. त्या आवाजानं जाग यायची सवय झालेली. घर सुनंसुनं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना त्यांनी विचारलं, "बाय, साठ वर्षं मी अल्लासमोर चुकीचंच बोलले का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण माझी स्वतःची अवस्था काय वेगळी होती?

मैत्रिणींनो, आमची घरची बोली कोकणी-मराठी आणि शाळाही मराठी. लहानपणी शेजारच्या आपांकडे कायदा घेऊन बसायचो. कायदा म्हणजे अरबीची बाराखडी. आपा म्हणतील तसं म्हणायचं, मान डोलवायची नि पळायचं. त्या आपाही उर्दूच्या वळणानं शिकलेल्या. अरबीत 'स'सारखी वाटणारी अक्षरं तीन आणि 'ज़'सारखी वाटणारी चक्क चार. ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय. उर्दू बोलणारा चारही सारखीच उच्चारतो. 'त' दोन, 'ह' दोन, तेही आम्ही एकाच मापात मोजत आलो. देवनागरीत छापलेल्या पुस्तिकांतून पाठ करणाऱ्या बायकांना तर फरक दिसणारही नाही, डोळ्यांपुढे एकच 'स'!

भाचीचं म्हणणं खरंच होतं. घशाच्या तोंडाशी, जिभेच्या अगदी मुळातून येणाऱ्या 'क़ाफ'नं 'क़ुल' म्हटलं तर अर्थ होतो 'सांग'. साध्या 'क'नं म्हटलं तर 'खा'! क़ल्ब म्हणजे हृदय, कल्ब म्हणजे कुत्रा. हलका 'त' असलेलं 'तीन' म्हणजे अंजीर, जाड 'त' असलेलं 'तीन' म्हणजे चिखलमाती. कुरआनात अंजीरही आहे आणि मातीपासून घडवलेला माणूसही आहे. आम्ही आजवर त्याला अंजिरापासूनच घडवत होतो म्हणायचं. पण 'अलीम' ऐकल्यावर माझं हसू थांबलं. घशाच्या मधून येणाऱ्या 'ऐन'नं म्हटलं तर सर्व जाणणारा, साध्या 'अ'नं म्हटलं तर वेदनादायक. पहिलं अल्लाचं विशेषण, दुसरं शिक्षेचं.

मग आम्ही आठ-दहा जणींनी ठरवलं, भाचीलाच गुरू करायचं. बचत गटाची बैठक संपली की माझ्या ओटीवर तासभर. पहिल्याच दिवशी तिनं प्रत्येकीला आरसा आणायला सांगितला. चाळिशीच्या बायका आरसा धरून जिभा बाहेर काढताहेत, शेजारची पोरं खिदळताहेत, असा देखावा! ज़ालसाठी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागलं पाहिजे. चष्मा पुसताना काचेवर 'हा' करून वाफ सोडतो ना, तसा घशातून घासून येणारा एक 'ह'. ज़्वादसाठी जिभेची कड वरच्या दाढांना टेकवायची. हे सगळ्यात अवघड. अरबीला 'ज़्वादची भाषा' म्हणतात ते उगाच नाही. फातिहातल्या शेवटच्या शब्दातलं हे अक्षर 'ज़'कडे झुकवायचं की 'द'कडे, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. आमच्या ओटीवरही झाला, चहा आल्यावर मिटला. मराठवाड्यातून आलेली एक सून क़लमला 'ख़लम' म्हणायची, दखनीची सवय. तिला वाटायचं सगळ्या तिलाच हसतात. खरं तर प्रत्येकीची जीभ कुठे ना कुठे अडत होती.

एक युक्ती मला फार आवडली. अक्षर नेमकं कुठून निघतं ते कळत नसेल तर आधी 'अ' लावून ते अक्षर पाय मोडून म्हणायचं. अब्, अक़्, अत्. आवाज जिथे अडतो तो त्याचा मख़रज, म्हणजे निघण्याची जागा. इब्नुल जज़री नावाच्या विद्वानांनी (मृत्यू १४२९) अशा सतरा जागा सांगितल्या आहेत. पोकळी, घसा, जीभ, ओठ आणि नाक. बी.ए.ला मराठी घेतलेलं असल्यानं मला लगेच कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य आठवलं. आपल्या 'क'पासून 'म'पर्यंतचे वर्ग घशातून ओठांकडेच येतात की नाही? आठव्या शतकात बसऱ्याच्या ख़लीलनं अरबीचा कोश रचला तोही घशापासून ओठांकडे. पहिलं अक्षर ऐन, म्हणून कोशाचं नावच 'किताबुल ऐन'. आणि आपणही 'चहा' आणि 'चमचा' एकाच 'च'नं लिहितो, पण बाहेरच्या कुणी 'चमचा'तला 'च' 'चहा'सारखा म्हटला की हसतोच ना?

मात्र मी भाचीलाही एक ऐकवलं. चूक दाखवायची रीत असते. शास्त्रातही चुकांचे दोन प्रकार आहेत. अक्षर बदलणारी उघड चूक आणि जाणकारालाच कळणारी बारीक चूक. दोन्ही एका काठीनं हाणू नयेत. शिवाय हज़रत आयेशांनी सांगितलेली हदीस बुख़ारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे : जो अडखळत, कष्टानं कुरआन वाचतो त्याला दुप्पट पुण्य. "ही हदीस तुला शिकवली होती ना? मग नानीला आधी तीच सांगायची होतीस," मी म्हटलं. पोरगी गप्प बसली. संध्याकाळी नानीच्या पायाशी जाऊन बसली.

अम्मा ओटीवर यायला तयार नव्हत्याच. मग भाचीनं मोबाईलवर मिसरच्या शेख़ हुसरींचं पठण लावलं. अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं. अम्मा ऐकत राहिल्या, ओठ हलायला लागले. 'क़ुल' आठवड्याभरात जमलं. पण ज़ाल काही केल्या येईना. नुसती हवाच जायची. शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, "अगं, दात कुठायत माझे? टोक लावू कशाला?"

खरंच की! कवळी होती, पण ती जेवणापुरती. एरवी वाटीतल्या पाण्यात. हे ना भाचीच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या.

फातिहात ज़ाल येतो आणि पाच वेळच्या फ़र्ज़ नमाजांत मिळून फातिहा सतरा वेळा येते. परवा पहाटे पाणी तापवायला उठले, तर न्हाणीघरात दिवा. वज़ू करून झाल्यावर अम्मा आरशासमोर उभ्या राहून कवळी बसवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघतेस काय, जा, उशीर होतोय."

थोड्या वेळानं आतून आवाज आला. ज़ालवर त्या जरा थांबल्या, मग पुढे गेल्या.