मुलांनी बॅट कोणती घ्यावी?

भातकापणी झाली की आपल्याकडे क्रिकेट सुरू होते. कुणग्यातले भाताचे खुंट तुडवून सपाट झाले की झाले मैदान! चेंडू कोणाकडे ना कोणाकडे असतोच. बॅटचे मात्र तसे नाही. ती मोठ्यांची असते आणि खेळतो आपण.

आमच्या वर्गात जी बॅट आहे ती मी पट्टीने मोजली. ३४ इंच भरली. वाण्याच्या तराजूवर ठेवली तर वजन सव्वा किलोच्या जवळ. माझी उंची ४ फूट ३ इंच आहे. ही बॅट माझ्या शेजारी उभी केली तर मूठ बरगडीला लागते. अशा बॅटने खेळताना मूठ पोटात टोचते, बॅट वेळेवर खाली येत नाही, आणि चेंडू यष्टीरक्षकाच्या हातात गेल्यावर आपली बॅट फिरते. मग मोठी मुले म्हणतात, "हिला जमत नाय, हिला लांब फिल्डिंगला ठेवा." आम्हा मुलींना आणि लहान मुलांना खेळ येत नाही असे सगळ्यांना वाटते. पण आधी बॅट बघा ना!

पालक दुकानात गेले की म्हणतात, "मोठीच घे, दोन-चार वर्सं पुरंल." शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी बॅट घेतात. गणवेशाची बाही दुमडता येते. बॅट दुमडता येत नाही.

आता योग्य बॅट कशी ओळखायची ते सांगते. सरळ उभे राहा. बॅट पायाला लागून जमिनीवर उभी करा. मुठीचे टोक मांडी कमरेला जिथे मिळते तिथपर्यंत आले तर लांबी बरोबर. त्याहून वर गेली तर मोठी. फार खाली राहिली तर खूप वाकावे लागते, तीही नको. मग वजन. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात मुठीवर वर असतो. त्या एकट्या डाव्या हाताने बॅट समोर आडवी धरा आणि दहापर्यंत अंक मोजा. हात थरथरला किंवा टोक खाली झुकले तर ती बॅट आपली नव्हे. मूठ पण बघा. बोटे गुंडाळल्यावर अंगठा बोटाला टेकला पाहिजे.

लांब बॅट जास्त जड का लागते? भरलेली कळशी कमरेवर घेतली तर आपण विहिरीवरून घरापर्यंत येतो. तीच कळशी हात लांब करून धरा बघू! दहा पावले पण जाता येणार नाही. कळशी तेवढीच, पाणी तेवढेच, फक्त वजन अंगापासून लांब गेले. बॅटचे पण तसेच आहे.

दुकानात मुलांच्या बॅटींना नंबर असतात, १ पासून ६ पर्यंत. त्यानंतर हॅरो आणि मग मोठ्यांची पूर्ण बॅट. सव्वाचार फुटाच्या मुलाला बहुधा दोन किंवा तीन नंबर लागतो, साडेचार फुटाच्या मुलाला तीन किंवा चार. कारखान्याप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून मुलाला दुकानात बरोबर न्यावे. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या काकांनी बॅट आणायची असेल तर त्यांना आधी उंची कळवावी. मोठ्यांच्या बॅटीला सुद्धा नियम आहे. ३८ इंचांपेक्षा लांब आणि सव्वाचार इंचांपेक्षा रुंद बॅट चालत नाही.

काही मुले म्हणतील, सचिन तेंडुलकर लहानपणी मोठ्या भावाची बॅट घेऊन खेळला, मग आपण का नाही? खरे आहे. पण ती जड होती म्हणून त्याला मूठ अगदी खाली, पात्याजवळ धरावी लागली. ती सवय त्याला पुढेही राहिली. त्याला जमले, कारण तो सचिन होता. आमच्या वर्गात सध्या तरी कोणी नाही.

आता लाकूड. चांगली बॅट विलो नावाच्या झाडाची असते. हे लाकूड हलके असते आणि चेंडू लागला तरी पटकन फुटत नाही. इंग्लंडचे विलो फार महाग असते. काश्मीरमध्ये अनंतनागजवळ संगम आणि बिजबेहाडा येथे विलोच्या बॅटी बनतात. त्या थोड्या जड, पण स्वस्त. टेनिसच्या चेंडूने खेळायला त्या पुरे आहेत. १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने पर्थच्या सामन्यात ॲल्युमिनियमची बॅट आणली होती, ती त्याला बदलावी लागली. त्यानंतर पाते लाकडाचेच पाहिजे असा नियम झाला. अमेरिकेत बेसबॉल खेळतात, त्याची बॅट गोल असते, मुसळासारखी. पण तिथेही मुलांची बॅट लहान आणि हलकी असते.

आपल्याकडे माडाच्या झावळीचा बुडखा तासून पण बॅट करतात. ती फुकट मिळते, हलकी असते आणि आपल्या मापाची कापता येते. वाळली की चिरते, मग दुसरी करायची. पहिली-दुसरीच्या मुलांना हीच बरी. सुतारकाका आंब्याच्या फळीची बॅट करतात, ती टिकते पण जड होते. शिवाय तिचा दांडा आणि पाते एकाच फळीचे असते, म्हणून हाताला झिणझिण्या येतात. दुकानातल्या बॅटीचा दांडा वेताचा असतो, तो धक्का खातो. फळीच्या बॅटीला सायकलची जुनी ट्यूब चढवली तर थोडा फरक पडतो.

पावसाळ्यात बॅट ओल्या जमिनीवर उभी ठेवू नका. खालचे टोक पाणी पिऊन फुगते. चुलीजवळ पण नको, तडकते. माळ्यावर आडवी ठेवावी.

शाळेच्या दाराशेजारी आम्ही भिंतीवर खडूने फूट आणि इंच लिहिले आहेत. पालकांनी आपल्या मुलाला तिथे उभे करून बघावे. आणि शाळेसाठी कोणी बॅट देणार असेल तर मोठी एक देण्याऐवजी दोन नंबरची एक आणि चार नंबरची एक अशा द्याव्यात.

— इयत्ता ४ थी