घाटावरील लोक आणि तटरक्षक दल

साताऱ्यास समुद्र नाही आणि सांगलीसही नाही. तेव्हा तटरक्षक दलाशी आमच्या कृष्णाकाठचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर ऑगस्ट २०१९ च्या महापुरानेच दिले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली. सांगली-कोल्हापूरकडील जलमय वस्त्यांतून माणसे काढण्यास सेना व नौदल यांच्याबरोबर तटरक्षक दलाचे जवानही धावून आले. ज्यांचे कर्तव्यक्षेत्र समुद्र, ते घाट चढून आमच्या दाराशी आले!

या दलाचा इतिहास फार जुना नाही. चोरटा व्यापार रोखण्याचा भार पूर्वी कस्टम खात्याच्या तोकड्या बोटींवर व नौदलावर पडे. युद्धनौकांनी तस्करांमागे धावणे खर्चाचे होते, शिवाय नौदलाचे लक्ष मूळ कर्तव्यावरून ढळे ते वेगळेच. त्यातच १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले आणि १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने आपला हक्क प्रस्थापित केला. हक्क आला की राखणही आली. रुस्तमजी समितीच्या शिफारशींवरून १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या दोन जुन्या युद्धनौका व कस्टमच्या पाच गस्ती नौका एवढ्या सामग्रीवर हे दल तात्पुरते उभे राहिले. १८ ऑगस्ट १९७८ रोजी कायद्याने त्यास स्थायी रूप मिळाले. ‘वयं रक्षामः’ हे त्याचे ब्रीद. वादळात सापडलेल्या कोळ्यास सोडविणे हे त्याचे नित्याचे काम होय.

समुद्राकडे पाठ फिरविल्याचे फळ काय, हे साताऱ्याच्या इतिहासास ठाऊक आहे. बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांना शाहू छत्रपतींच्या पक्षास वळविले, तेव्हा या गादीस आरमाराचे बळ लाभले. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांचे पारिपत्य केले आणि विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळून गेले. घरचा कलह मिटला. समुद्र मात्र परक्यांस मोकळा झाला.

परंतु दलाचे गोडवे गाऊन आमचे कर्तव्य संपते काय? ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना वाचवू पाहणारी बोटच उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या बोटीत झेपेल त्याहून अधिक माणसे होती. संकट अंगावर आल्यावर जीव मुठीत धरून धावणाऱ्यांस दोष देणे क्रूरपणाचे होईल. दोष आहे तो पूर्वतयारीच्या अभावाचा. रस्ते पाण्याखाली गेल्यावर बाहेरची मदत पोचेपर्यंतचे तास गावाला स्वतःच्या बळावरच काढावे लागतात. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावी सुस्थितीतील बोट, पुरेशी जीवरक्षक जाकिटे आणि ती बोट चालविणारे, प्रसंगी ‘आता आणखी माणूस नाही’ असे ठामपणे सांगणारे शिकलेले तरुण हवेत. त्यांची कवाईत उन्हाळ्यातच व्हावयास हवी.

समुद्रावरील जवान वादळाची वाट पाहत किनाऱ्यावर बसत नाही. तो आधी सज्ज असतो. कृष्णाकाठाने त्याच्याकडून घ्यावयाचा धडा हाच होय.