नागपूरचं पोट्टं आणि गुलमर्गचा बर्फ: स्की स्कूलच्या पहिल्या दिवसाची तयारी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, नागपूरचा माणूस आणि स्कीइंगवर बोलणार? २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथे बर्फ भेटतो तो फक्त रसवंतीत. पण म्हणूनच हा भाग करतोय. आपल्याकडची मुलं स्की स्कूलला जातात तेव्हा त्यांच्यासाठी एकाच दिवशी सगळंच पहिल्यांदा असतं: बर्फ, थंडी, उंची, जड बूट आणि अनोळखी सर.

माझी सात वर्षांची भाची या जानेवारीत ताई-भाऊजींसोबत गुलमर्गला चालली आहे. तयारीचं खातं मामाकडे आलं, कारण मी दोन वर्षांपूर्वी औलीला सात दिवसांचा कोर्स केला होता. तिथे शेजारी लहान मुलांची बॅच चालायची. एक गोष्ट लक्षात आली. मुलं पडली म्हणून फारशी रडत नव्हती. रडत होती ती बोटं गारठली, बूट टोचला, सू लागली आणि सांगता आलं नाही म्हणून. यातलं बरंचसं घरूनच सोडवता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलीच गोष्ट पहिल्यांदा थेट प्रॉडक्शनवर चालवत नाही. तुम्हीही मुलाला थेट उतारावर नेऊ नका.

आधी शरीर

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर काही जणांना विरळ हवेचा त्रास होतो: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. म्हणून पोचल्या दिवशी क्लास नको. एक दिवस आराम, भरपूर पाणी, थोडं चालणं. डोकं दुखत असेल तर क्लास पुढे ढकला. त्रास वाढत गेला तर खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग कपडे

आपल्याकडे थंडी म्हणजे दोन स्वेटर आणि कानटोपी. तिथे हिशोब वेगळा. आत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. जीन्स अजिबात नको, ओली झाली की वाळत नाही. सुती बनियनही घाम धरून ठेवतं आणि अंग गार पडतं.

मोज्यांची मात्र एकच जोडी, लोकरी आणि लांब. आजी प्रेमाने दोन जोड्या घालायला सांगेल. पण बुटात घडी पडते, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. हातमोजे पाचबोटी घेण्यापेक्षा पिशवीसारखे घ्या, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. ताजा बर्फ ऊन परत फेकतो, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. हेल्मेट मापाचं, हलणार नाही असं.

घरातली प्रॅक्टिस

दोन आठवडे आधीपासून रोज दहा मिनिटं. पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या बुटांखाली बांधा आणि गादीवर खेळ सुरू करा.

पहिला खेळ, पिझ्झा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. यात स्कीची आतली कड बर्फात रुतते आणि वेग कमी होतो. हा नवशिक्याचा ब्रेक. मुलगी स्केटिंगला जात असेल तर तिला एक फरक सांगा: स्केटिंगमध्ये पुढे जाताना पंजे बाहेर वळतात, इथे थांबायला आत वळवायचे.

दुसरा खेळ, गुडघे वाकवून उभं राहणं. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकली पाहिजे. घाबरलं की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की ऐकत नाही.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा खेळ, पडणं. मागे नाही, बाजूला बसायचं. मग दोन्ही स्की उताराला आडव्या, पायांच्या खालच्या बाजूला आणायच्या, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हाताने जोर देऊन उठायचं. घरी हसत हसत वीस वेळा पडलेलं मूल तिथे एकविसाव्यांदा घाबरत नाही.

चार वाक्यं

गुलमर्गमध्ये शिकवणारे सर हिंदीत बोलतात. आपल्या नागपुरी पोट्ट्यांना हिंदी येतेच, फक्त बोलायची परवानगी हवी. ही चार वाक्यं पाठ करून घ्या: "सर, ठंड लग रही है." "सर, बूट चुभ रहा है." "सर, टॉयलेट जाना है." "सर, डर लग रहा है." आपण मुलांना 'रडायचं नाही, सरांचं ऐकायचं' एवढंच शिकवतो. मग ते बधिर बोटं घेऊन गप्प उभं राहतं. बोट पांढरं पडलं, मुंग्या येऊन बधिर झालं तर लगेच आत न्यायचं, काखेत धरून ऊब द्यायची. चोळायचं नाही आणि बुखारीला टेकवायचं नाही, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही.

क्लासच्या वेळी आपण

किती वाजता घ्यायला येणार ते सांगा, टाटा करा आणि बाजूला व्हा. उताराच्या कडेला उभं राहून "गुडघे वाकव!" ओरडू नका. मोबाईल समोर धरला की मूल सरांकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघतं. कोर्स ठरवतानाच वयाची अट, एका सरांकडे किती मुलं आणि हेल्मेट मिळतं का, हे विचारून घ्या.

संध्याकाळी "किती शिकलीस?" विचारू नका. "आज मजा कशात आली?" विचारा. पहिल्या दिवशी मूल दहा फूट घसरून थांबलं तरी पुष्कळ झालं. पहिला दिवस पास झाला की नाही, ते एकाच गोष्टीवरून ठरतं: दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून मोजे शोधतंय का.

तुमच्या घरातलं कुणी बर्फात चाललं असेल तर हा भाग त्यांना व्हॉट्सॲप करा. भेटू पुढच्या भागात!