परका, परदेशी, उपरा : मराठीतील परकेपणाच्या कल्पनेचा विचार

१

पवना नदीच्या काठी, पिंपरीच्या पलतीरावर वसलेली काळेवाडी ही आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील एक दाट नागरी वस्ती आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका आली. या काळात नदीकाठच्या वाड्यावस्त्यांचे रूप पालटत गेले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून, तसेच केरळ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्याआधी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरी कँपात झालेली होती. पुढे चाकण परिसरात मोटारींचे कारखाने आले आणि त्यांबरोबर जर्मनी, कोरिया, जपान येथील तंत्रज्ञही आले.

अशा ठिकाणी ‘परका कोण?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. या परिसरात ‘गाववाले’ हा शब्द दोन अर्थांनी कानी पडतो. जुन्या गावठाणातील, जमिनी बाळगून असलेली वा विकलेली घराणी म्हणजे ‘गाववाले’. आणि बाहेरून आलेल्या कामगाराच्या तोंडी ‘गाववाला’ म्हणजे त्याच्या मूळ गावचा, त्याच्याबरोबर येथे आलेला माणूस. पहिल्या अर्थाने लातूरहून आलेला मराठी भाषक हा मराठी असूनही ‘बाहेरचा’ ठरतो. परकेपणाचा निकष भाषा हा असेल, तर या व्यवहाराची संगती लागत नाही. मराठीत परकेपणा कोणकोणत्या निकषांवर ठरत आला, आणि परकीयाविषयीच्या पाश्चात्त्य विवेचनाने त्याचा कितपत उलगडा होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

परक्याला त्याच्या बोलण्यावरून ओळखणे ही रीत बहुतेक समाजांत आढळते. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्द न कळणाऱ्या बडबडीच्या अनुकरणातून आला. अरबीतील ‘अजम’ या शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलण्याची कल्पना आहे. रशियन भाषेत जर्मन माणसाला असलेल्या ‘नेमेत्स’ या नावाचा संबंध ‘मुका’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. संस्कृतातील ‘म्लेच्छ्’ हा धातूही अव्यक्त उच्चाराचाच वाचक आहे, आणि आपण म्लेच्छ होऊ नये हे व्याकरणाध्ययनाचे एक प्रयोजन म्हणून पतंजलीने ‘महाभाष्या’च्या पस्पशाह्निकात सांगितले आहे. मराठीतील ‘यंडुगुंडू’ हा दाक्षिणात्य भाषांची टिंगल करणारा शब्द याच जातीचा होय.

दुसरा निकष आतिथ्याचा. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहात लॅटिन ‘होस्टिस’ या शब्दाचा मागोवा घेतला आहे. पुढे ‘शत्रू’ असा अर्थ पावलेला हा शब्द आणि जर्मानिक भाषांतील पाहुण्याचा वाचक शब्द यांचे मूळ एकच असून, देवाणघेवाणीने बांधला गेलेला परका हा त्याचा जुना आशय होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या देवाणघेवाणीचा पुरावा पुणे जिल्ह्यातही सापडतो. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘यवन’ म्हणून नोंदलेले दाते आहेत. कोणी स्तंभ दिला, कोणी पाण्याची टाकी. हे यवन ‘यवन’ राहूनच दानधर्माच्या व्यवहारात सामील झाले होते.

बोलीभाषेतील ‘पाव्हणं’ हे संबोधन या संदर्भात लक्षणीय आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यात अनोळखी माणसाला ‘पाव्हणं, कोणत्या गावचं?’ असे विचारले जाते. संबोधन आतिथ्याचे आहे. विचारणा मात्र भाषेची वा देशाची नाही, गावाची आहे. मराठीतील परकेपणाचा तिसरा व बहुधा सर्वांत खोल रुजलेला निकष येथे दिसतो.

३

हा निकष जमिनीच्या हक्काचा आहे. मराठेशाहीतील गावात शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क तो मिरासदार किंवा थळकरी. ज्याला असा हक्क नसे आणि जो बोलीने वा कौलाने जमीन कसत असे तो उपरी. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात हा भेद नोंदला आहे. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क दीर्घकाळ जिवंत राही. उपरी गावात राहत असला तरी गावकीत त्याला मिरासदाराचा मान नसे. दुसऱ्या बाजूने सरकारदेण्याचा भार मिरासदारावर अनेकदा अधिक पडे, तर उपऱ्याला जाच झाल्यास गाव सोडण्याची मोकळीक असे. गावाने मिरासपत्र करून दिल्यास उपऱ्याचा मिरासदार होऊ शके. म्हणजे हे परकेपण रक्ताचे नव्हते आणि भाषेचेही नव्हते. उपरी बहुधा मराठीच बोले. ते दर्जाचे परकेपण होते, आणि म्हणून ते बदलता येत असे.

समाजशास्त्रातील परक्याच्या चर्चेचा प्रारंभ गेओर्ग झिमेल यांच्या १९०८ मधील छोट्या टिपणापासून मानला जातो. परका म्हणजे आज येऊन उद्या जाणारा वाटसरू नव्हे, तर आज येऊन उद्या राहणारा, ही त्यांची मांडणी प्रसिद्धच आहे. तिच्याइतकाच महत्त्वाचा, पण कमी उल्लेखिला जाणारा मुद्दा असा की, परका हा स्वभावतःच भूमीचा मालक नसतो, असे झिमेल म्हणतात. भूमी हा शब्द ते जीवनाचा स्थिर आधार अशा लाक्षणिक अर्थानेही योजतात. त्यांच्यापुढे उदाहरण होते ते व्यापाऱ्याचे व युरोपातील ज्यूंचे.

मराठी उपरी या व्याख्येत बसतो आणि तिला दुरुस्तही करतो. तो येऊन राहणारा आहे, भूमीचा मालक नाही. परंतु तो व्यापारी नसून कुणबी आहे. ज्या मातीशी त्याचे नाते नाकारले जाते, तीच माती तो रोज कसतो. प्राचीन अथेन्समधील ‘मेटोइकोस’ या रहिवासी परकीयांशी त्याची तुलना करता येईल. ते शहरात राहत, कर भरत, लढाईतही भाग घेत. परंतु विशेष परवानगीवाचून त्यांना जमीन घेता येत नसे. मात्र अथेन्समध्ये हा भेद नगरराज्याच्या नागरिकत्वाचा होता. महाराष्ट्रात तो एकेका गावाचा होता. त्यामुळे एका गावचा मिरासदार शेजारच्या गावी उपरी ठरू शके.

राज्यकर्त्यांच्या पातळीवरही हाच निकष दिसतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांविषयी, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज आदी युरोपीयांविषयी, स्वतंत्र विवेचन आहे. सावकार राज्याची शोभा म्हणून त्यांना आश्रय द्यावा, पण टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, असा त्याचा आशय आहे. त्यांचा धर्म वा भाषा हे तेथे भीतीचे मुख्य कारण नाही. त्यांच्यामागे राजे आहेत आणि हाती आलेली जागा ते सोडत नाहीत, हे आहे. म्हणून वखारीसाठी जागा द्यावी लागलीच, तर ती कोठे व कशी द्यावी याची सावधगिरी ‘आज्ञापत्र’ सांगते. टोपीकरांनी व्यापार करण्यास हरकत नव्हती; ठाणे धरण्यास होती.

४

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे आधुनिक मराठी साहित्यातील काही कृतींकडे नव्याने पाहता येते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या वतनी व्यवस्थेबरोबरच ‘फिरस्त्यां’चेही तपशीलवार वर्णन आहे. निरीक्षण बारकाईचे आहे, परंतु दृष्टी गावाच्या आतून बाहेर पाहणारी आहे; भटक्या जमाती तेथे बव्हंशी कुणब्यावरील भार म्हणून येतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे आत्मकथन नेमके उलट दिशेने, गावाबाहेरच्या बिऱ्हाडातून गावाकडे पाहते. कैकाडी समाजातील निवेदकाला आसपासच्या समाजाची भाषा अपरिचित नाही, आणि देशही तोच आहे. तरी तो उपरा आहे, कारण गावच्या काळ्या-पांढरीत, म्हणजे शेतात वा वस्तीत, त्याचा हक्काचा तुकडा नाही. महसुली परिभाषेतील उपऱ्याला निदान कसायला जमीन होती. या उपऱ्याला तीही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींच्या भटकेपणालाच गुन्ह्याचे रूप दिले, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही कलंक उरला.

जुलिया क्रिस्तेवा यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात परका हा आपल्याच आत वसतो, अशी मनोविश्लेषणात्मक भूमिका घेतली. स्वतः बल्गेरियातून फ्रान्समध्ये आलेल्या लेखिकेची ही भूमिका नागरी, व्यक्तिकेंद्री साहित्याच्या अभ्यासास उपयुक्त आहे. ‘उपरा’सारख्या कृतीला ती सरसकट लावली, तर मात्र भौतिक वंचिततेचे रूपांतर मनोवस्थेत होण्याचा धोका संभवतो. समीक्षेत ‘परात्मता’, ‘परकेपणा’ आणि ‘उपरेपणा’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, तेव्हा नेमके हेच घडते.

स्त्रीच्या संदर्भात या संकल्पनेचा आणखी एक पदर उलगडतो. मुलगी ‘परक्याचे धन’ म्हणून माहेरी वाढते आणि सासरी पुन्हा नवखी ठरते. मावळ-मुळशी भागातील जात्यावरच्या ओव्यांचे जे विस्तृत संकलन हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी केले, त्यात माहेर-सासरच्या या ताणाला मोठे स्थान आहे. आल्फ्रेड शुत्झ यांनी १९४४ मधील निबंधात परक्याची अडचण अशी सांगितली आहे की, नव्या समूहाला गृहीत असलेले रोजचे ज्ञान त्याला मुद्दाम शिकावे लागते. ऑस्ट्रियातून परागंदा व्हावे लागलेल्या शुत्झ यांच्यासमोर स्थलांतरित माणूस होता. नव्या घरच्या रीतीभाती शिकणारी सासुरवाशीण हे त्याच अनुभवाचे महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक उदाहरण म्हणता येईल.

याउलट, भाषा स्वीकारणाऱ्या परक्याला मराठीने सहज आपले मानल्याचे दिसते. परंपरेनुसार गुजरातेतून आलेल्या चक्रधरांभोवती मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ उभा राहिला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, आणि ते मराठी वाङ्मयेतिहासात मानाने वावरते. वाङ्मयात प्रवेशाची अट भाषा ही होती. गावात ती जमीन होती. या दोन अटी भिन्न आहेत.

५

१ मे १९६० रोजी भाषेच्या पायावर महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि या दोन अटी एकमेकींत मिसळल्या. ‘परप्रांतीय’ हा शब्द राजकीय व्यवहारात रूढ झाला. ‘भूमिपुत्र’ हा त्याचा प्रतियोगी शब्द पाहिला, तर भाषिक हक्काची मागणीही भूमीच्याच परिभाषेत मांडली गेल्याचे दिसते. मायरन वायनर यांनी १९७८ मध्ये, तर मेरी काट्झेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये या चळवळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांचाही रोख स्थलांतर, रोजगार व मध्यमवर्गाची स्पर्धा यांवर आहे. गावपातळीवरील मिरासदार-उपरी या जुन्या भेदाचा धागा या चर्चेला जोडणे आवश्यक आहे.

काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या पट्ट्यात तो धागा डोळ्यांना दिसतो. येथे आलेल्या कामगाराने प्रथम भाड्याची खोली घेतली आणि पुढे जमले तेव्हा गावकऱ्याकडूनच अर्धा-एक गुंठा विकत घेऊन घर बांधले. अशा तुकड्यांना नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. गुंठ्याच्या खरेदीचा कागद हे एका अर्थी या काळातील मिरासपत्रच होय. फरक इतकाच की, मिरासपत्र गाव देत असे आणि त्याबरोबर गावकीतील स्थानही देत असे. खरेदीच्या कागदाने जागा मिळते, स्थान मिळतेच असे नाही. म्हणूनच घरपट्टी भरणारा, मतदान करणारा, मुलांना मराठी शाळेत घालणारा माणूसही ‘बाहेरचा’ राहू शकतो. आणि ज्याने जमीन विकली तो ‘गाववाला’ राहतो.

मराठीत परकेपणा एकपदरी नाही, हे या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. परदेशी, परप्रांतीय, पाहुणा, फिरस्ता, उपरा हे शब्द वेगवेगळ्या नकारांची नावे आहेत. कोणाला भाषा नाकारली जाते, कोणाला घर, कोणाला जमीन, तर कोणाला गावकीतील शब्द. साहित्यकृतीतील परक्याचा विचार करताना त्याला नेमके काय नाकारले गेले आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. उपरी हा शब्द ज्या व्यवस्थेतून आला, तीत उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट होती, याचे विस्मरण होऊ नये. ती वाट आज कोणासाठी खुली आहे आणि कोणासाठी बंद, याचा शोध घेण्यास काळेवाडीसारखी वस्ती हे अभ्यासाचे उचित क्षेत्र ठरेल.