मूलपेशी-रोपण आणि फ्लू

रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करून दात्याच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी शिरेतून देतात. भारतात असे रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात यशस्वी झाले.

नवे रक्त काही आठवड्यांत तयार होऊ लागते. परंतु रोगजंतूंशी लढणाऱ्या लसिकापेशी पुरत्या सज्ज व्हायला वर्ष किंवा अधिक काळ लागतो. जुन्या लसींची स्मृतीही बरीचशी पुसली जाते. म्हणून आपल्याला चार दिवस निजवणारा फ्लू अशा रुग्णाच्या फुफ्फुसांत उतरून जीवघेणा ठरू शकतो.

समजा, असा विद्यार्थी बारामती किंवा इंदापूरच्या शाळेत परतला. रोपणानंतर साधारण सहा महिन्यांनी त्याला मृत विषाणूंची लस देता येते, पण तिला शरीराचा प्रतिसाद दुबळा असतो. मग त्याचे रक्षण कोणी करायचे? आपणच.

पुणे परिसरात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तेव्हा घरच्यांनी व शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी लस घ्यावी, खोकणाऱ्या मुलांना घरी ठेवावे. त्या विद्यार्थ्याला किरकोळ ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते.