निळी सेलाजिनेला: टेरॅरियममधील लागवड आणि निळा रंग टिकवण्याचे तंत्र

रोपवाटिकेतून निळेशार रोप नेले आणि महिना-दोन महिन्यांत ते साधे हिरवे झाले, अशी तक्रार या वनस्पतीबाबत होते. रोप मेलेले नसते, त्याला रोगही झालेला नसतो. उलट ग्राहकाने त्याची जास्तच काळजी घेतलेली असते: उजेडात ठेवलेले असते आणि दिवसातून दोनदा पाणी फवारलेले असते. इतर शोभेच्या रोपांना जे मानवते, तेच या रोपाचा रंग घालवते. सावलीगृहात शोभेची रोपे करणाऱ्या शेतकऱ्यांनी सेलाजिनेलाकडे वळण्याआधी हे नीट समजून घ्यावे.

ओळख

सेलाजिनेला विल्डेनोवी ही मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड या भागांतील दमट जंगलांत दाट सावलीत वाढणारी वनस्पती. बाजारात तिला फर्न म्हणतात, कोणी मॉस म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन्ही नाही. ती क्लबमॉसच्या गटातील आहे. तिला फूल येत नाही, बी धरत नाही. प्रसार बीजाणूंनी होतो. आपल्याकडे जत्रेत 'संजीवनी' म्हणून वाळलेल्या जुड्या विकतात आणि पाण्यात टाकल्यावर त्या उघडतात, ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस हिचीच बहीण. मात्र गुण अगदी उलटा. संजीवनी वाळून पुन्हा हिरवी होते. निळी सेलाजिनेला एकदा पूर्ण वाळली की संपली.

जंगलात ही झुडपांवर चढत काही मीटरपर्यंत जाते. म्हणून छोट्या बरणीत ती फार काळ मावत नाही. एक फुटाहून उंच टाकी असेल तरच ही घ्यावी आणि शेंडे खुडत राहावे. लहान बरण्यांसाठी चीनमधून आलेली, जमिनीवर पसरणारी सेलाजिनेला अन्सिनाटा अधिक सोयीची. पीकॉक फर्न या नावाने मिळते ती हीच. तिच्या पानांवरही निळसर झाक असते आणि पुढे दिलेली काळजी दोघींनाही लागू पडते.

निळा रंग येतो कुठून?

पानात निळे रंगद्रव्य नसते. पानाच्या वरच्या बाजूच्या पेशींच्या बाहेरील भिंतीत अतिशय पातळ थर असतात. या थरांवरून परावर्तित होणारे किरण एकमेकांत मिसळतात, त्यांतला निळा प्रकाश जोर धरतो आणि तोच डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर रंग दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार. ली आणि लॉरी या संशोधकांनी 1975 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचे स्पष्टीकरण दिले.

लागवडीच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पान ओले झाले की निळा रंग दिसेनासा होतो आणि सुकल्यावर परत येतो. दुसरी, जास्त उजेडात वाढलेल्या पानांवर निळाई येत नाही. ती सावलीतल्या पानांवरच येते. त्यामुळे हिरवे पडलेले रोप सावलीत हलवल्यावर जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. नवी फूट कशी येते ते पाहावे.

खरेदी करतानाही याचा उपयोग होतो. निळ्या पानावर पाण्याचा थेंब ठेवून बोटाने हलकेच पसरवावा. तेवढ्या जागेपुरती निळाई गेली आणि पान सुकल्यावर परत आली, तर माल खरा. रंग फवारलेल्या पानावर तो ओलाव्यातही तसाच राहील. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात जरूर दाखवावी.

टाकी भरणे

बंद काचपेटीत रोपे जगवण्याची युक्ती लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांची; त्यावरील त्यांचे पुस्तक 1842 मध्ये आले. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे जहाजाने भारतात आली. टेरॅरियम म्हणजे त्याच पेटीचे घरगुती रूप.

तळाला दोन-तीन सेंटिमीटर खडीचा थर द्यावा, त्यावर कोळशाचे तुकडे आणि बारीक जाळी. वर धुतलेले कोकोपीट, चाळलेला पालापाचोळ्याचा कुजलेला खत-माल आणि जाड वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. कोकोपीट न धुता वापरले तर त्यातील क्षार बंद भांड्यातच अडकतात. शेणखत किंवा गांडूळखत टाकण्याचा मोह टाळावा; बंद टाकीत त्याने बुरशी आणि चिलटे वाढतात. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवावी.

पाण्याबाबत मात्र तडजोड करू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर साचतात आणि निळाई झाकली जाते. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी वापरावे, तेही पानांवर न फवारता काचेच्या कडेने मातीत सोडावे. झाकलेल्या टाकीत कित्येक आठवडे पाण्याची गरज पडत नाही. सकाळी काचेवर धुके येऊन दुपारपर्यंत विरळ झाले तर ओल योग्य समजावी. दिवसभर थेंब ओघळत असतील तर झाकण काही तास उघडे ठेवावे.

उजेड आणि तापमान

उत्तरेकडील खिडकीपासून थोडी आत, अशी जागा उत्तम. थेट ऊन अजिबात नको. बंद काचेवर थोडा वेळ ऊन पडले तरी आतली हवा तापून रोप शिजते. सावलीगृहात मातृरोपे ठेवायची तर एका शेडनेटवर भागत नाही. बाकांखाली किंवा दुहेरी नेटखाली जागा करावी.

साधारण 18 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोकणातील हवा त्या दृष्टीने सोयीची. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रोपे घरात घ्यावीत. विदर्भातील उन्हाळ्यात काचेच्या आत आर्द्रता राखता येते, पण उष्णता रोखता येत नाही. तिथे एप्रिल-मे महिन्यांत विक्री न केलेली बरी.

रोपे वाढवणे

फांद्या फुटतात त्या बेचक्यातून खाली मुळासारखे धागे सुटतात. त्यांना रायझोफोर म्हणतात. किमान एक-दोन बेचके असलेला पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा घेऊन ओल्या कोकोपीटवर आडवा ठेवावा, वाकवलेल्या तारेने टेकवावा आणि झाकण लावावे. पुरू नये, पुरलेला तुकडा कुजतो. पावसाळ्यात हे काम सर्वात सोपे जाते. खत द्यायचेच तर नवी वाढ दिसल्यावर, शिफारशीच्या चौथाई मात्रेपेक्षाही पातळ करून द्यावे. पिवळी, काळी पडलेली पाने चिमट्याने लगेच काढावीत, पांढरी बुरशी तिथूनच सुरू होते. सावलीगृहात गोगलगायींवर रात्री लक्ष ठेवावे.

व्यवसाय म्हणून

सुरुवातीला पाच-दहा मातृरोपे घेऊन सर्व ऋतू पाहावेत, मगच संख्या वाढवावी. परदेशातून जिवंत रोपे मागवायची असतील तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र लागते. पाकिटातून 'कुरिअरने येतात' असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. सह्याद्रीतील जंगलातून सेलाजिनेला उपटून आणणेही नको. त्या जाती निळ्या होणार नाहीत आणि ओढ्याकाठ मात्र उघडा पडेल. तसेच छाटलेले तुकडे ओढ्यात किंवा ओलसर बांधावर टाकू नयेत. बेचक्यातून मुळे धरणारी ही परदेशी वेल आहे. तुकडे उन्हात पूर्ण वाळवून मग कंपोस्टमध्ये घालावेत.

विकलेल्या प्रत्येक टाकीसोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्यावी: ऊन नको, पानांवर फवारा नको, पाणी पावसाचे किंवा आरओचे, पान ओले असताना हिरवे दिसेल.