अंगरक्षकाची दुसरी तालीम

जळगावच्या सराफ बाजारात सायंकाळच्या गर्दीत एखाद्या पेढीच्या मालकामागून चालणारा अंगरक्षक पाहिला, तर प्रथम नजरेत भरतो तो त्याचा फौजी बांधा आणि कमरेचे पिस्तूल. परंतु त्याच्या कामाचे खरे मर्म, म्हणजे लोकांच्या चेहऱ्यांवर न रेंगाळता त्यांच्या हातांवर अखंड फिरणारी त्याची नजर, ध्यानात येण्यास त्याच्यासोबत बराच काळ काढावा लागतो. ज्या निवृत्त हवालदारांबरोबर राहून मला हे काम पाहता आले, त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. मोटार थांबली की प्रथम आपण उतरायचे, दोन्ही बाजू न्याहाळायच्या, मगच शेटजींचे दार उघडायचे. चालताना त्यांच्या उजव्या खांद्यामागे एका पावलावर राहायचे. मोटार उभी करताना तिचे तोंड रस्त्याकडे ठेवायचे. आणि आपला उजवा हात कोणत्याही कारणाने गुंतू द्यायचा नाही.

हे सारे पलटणीत शिकलात काय, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “पलटणीनं दम दिला, भाऊ. नजर मात्र इथं येऊन कमवावी लागली.”

लष्करातून निवृत्त होणारा शिपाई बहुधा चाळिशीच्या आतबाहेर गावी परततो, आणि पुढचा संसार चालविण्यासाठी रखवालीची नोकरी त्याला सर्वांत जवळची वाटते. खासगी सुरक्षा संस्थांसंबंधीच्या 2005 च्या कायद्यानेही माजी सैनिकांना व पोलिसांना पसंती देण्याची मुभा ठेवली आहे. त्याखालील केंद्रीय आदर्श नियमांत नव्या उमेदवारास वर्गात 100 आणि मैदानावर 60 तासांचे शिक्षण सांगितले असून, माजी सैनिकास व माजी पोलिसास तेच 40 आणि 16 तासांवर आणले आहे. फाटकावरच्या पहाऱ्यापुरती ही सवलत रास्तच आहे. कारण शिस्त, शस्त्राची निगा आणि तासन्‌तास सावध उभे राहण्याची सहनशक्ती त्याला नव्याने शिकवावी लागत नाही. मात्र एका जिवंत माणसाच्या देहरक्षणाचा प्रश्न आला की हा हिशेब अपुरा पडतो.

तो का अपुरा पडतो, हे धुळ्यात देवपुरातील एका लग्नात मी जवळून पाहिले. वरात मंगल कार्यालयाच्या दाराशी आली असता अगदी निकट फटाक्यांची माळ कडाडली. त्या क्षणी नुकताच फौजेतून सुटलेला तरुण रक्षक विजेच्या चपळाईने आवाजाच्या दिशेला वळला आणि त्याचा हात पिस्तुलावर गेला, तर पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या त्याच्या वयस्क जोडीदाराने आवाजाकडे ढुंकूनही न पाहता यजमानांच्या पाठीवर तळहात ठेवला आणि त्यांना भिंतीच्या आडोशाने मोटारीकडे वळविले. धोक्यावर चालून जाणे हा सैनिकाचा धर्म, आणि धोक्यापासून आपला माणूस दूर नेणे हा अंगरक्षकाचा. शिवाय खासगी रक्षकाला कायद्याने सामान्य नागरिकाहून अधिक अधिकार नाही. भर वरातीत झाडलेली एक गोळी कोणा निरपराधाचा जीव घेऊ शकते.

आपल्याकडील लोकरीतीने हे काम अधिकच बिकट होते. हार घालणे, पाया पडणे, गळाभेट घेणे यांतले काहीही अंगरक्षकाला मना करता येत नाही. तरीही 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींचा घात चरणस्पर्शाच्या निमित्ताने वाकलेल्या स्त्रीनेच केला, हे त्याला विसरता येत नाही. वाकणाऱ्याचे हात दिसतील अशा कोनात उभे राहणे आणि तेही कोणाचा अवमान न करता, ही विद्या कोणत्याही रणभूमीवर शिकवली जात नाही.

दोनदा महावीरचक्र मिळविलेले जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच, 10 ऑगस्ट 1986 रोजी, पुण्यात स्वतः मोटार चालवीत असता मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. शौर्य कितीही थोर असले तरी ते बंदोबस्ताची जागा घेऊ शकत नाही, हेच त्या घटनेने दाखविले. 1984 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलातही चढाईचा गट लष्करातून, तर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या रक्षणाचे काम करीत आलेला गट पोलीस दलांतून उभारण्यात आला. खानदेशचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो: 1818 नंतर इंग्रजांच्या कवायती फौजेला वर्षानुवर्षे जो मुलूख आवरता आला नाही, तेथे 1825 साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि सातपुड्याच्या वाटा व माणसे ओळखणाऱ्या त्या लोकांनीच पुढे त्या मुलखात शांतता राखली.

तेव्हा लष्करी अनुभवाला मोल आहेच. तो पाया आहे, इमारत नव्हे. 2022 च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांच्या सेवेनंतर बहुसंख्य तरुण बाहेर पडणार आहेत, आणि त्यांतले कित्येक याच धंद्याची वाट धरतील. अशा तरुणाला केवळ त्याच्या फौजी नावावर शेटजींच्या मागे उभे करणे हा त्याच्यावर आणि शेटजींवर सारखाच अन्याय होय. संस्थांनी त्याला गर्दी, कायदा, प्रथमोपचार आणि माघारीची रीत शिकवणारी दुसरी तालीम द्यावी. आणि मालकांनी त्याच्या हाती भाजीची पिशवी देण्याचे सोडावे, कारण ज्या क्षणी त्याचे हात अडकतात, त्या क्षणी आपण पगार देऊन ठेवलेले संरक्षण संपलेले असते.